पहिली बादली गार

नाशिकची थंडी निफाडच्या नावावर खपते. पेपरात पारा निफाडचा येतो, शेकोटीचा फोटो निफाडचा येतो, आणि इकडे शहरात आम्ही दात वाजवत बसतो त्याची कोणी दखल घेत नाही. माझा थंडीवर राग आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक तिला गुलाबी म्हणतात. गुलाबी म्हणणाऱ्याने एकदा जानेवारीच्या पहाटे आमच्या बाथरूमच्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाखवावं. मग रंग कुठला ते ठरवू.

ही गोष्ट ज्या हिवाळ्यातली आहे, त्या वर्षी आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म मशीन वेळेवर चालू कर आणि वेळेवर बंद कर, यात गेलेला. घरी बसल्यावर बंद करायला मशीनच उरलं नाही, म्हणून माणूस घरातले दिवे बंद करत फिरू लागला. मी खोलीत असतानासुद्धा. संध्याकाळी मी पावटे सोलत बसलेली असायची, हे येऊन खटकन बटण दाबायचे आणि म्हणायचे, "अगं, दिसतंय की अजून." दिसत नव्हतं. त्या काळात आमच्या उसळीत बऱ्याच गोष्टी निघाल्या.

दिव्यांवरून मोहीम गॅसवर आली. कुकर पहिल्या शिट्टीला उतरवायचा आणि गोधडीत गुंडाळून ठेवायचा, डाळ आत आपली आपण शिजते, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डाळ काही शिजली नाही, पण गोधडीला वरणाचा वास लागला. मग फ्रिजची पाळी. बाहेर एवढी थंडी असताना आत थंडी विकत कशाला घ्यायची, हा ह्यांचा प्रश्न होता. फ्रिज बंद करून दुधाचं पातेलं खिडकीत ठेवलं. सोसायटीतल्या मांजरीला तो हिवाळा फार मानवला.

एवढं होऊनही माणूस रिकामाच. आणि रिकाम्या माणसाचं काय करायचं हे प्रत्येक सोसायटीला बरोबर ठाऊक असतं. आमच्या सोसायटीने ह्यांना सेक्रेटरी केलं.

सोसायटी म्हणजे तीन मजल्यांची इमारत. ती उभी आहे आमच्याच जमिनीवर. तिथे पूर्वी सासरच्यांचा भाजीचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं, तेव्हा जमीन बिल्डरला दिली आणि तिच्या बदल्यात मिळालेल्या घरांपैकी तळमजल्याचं घर सासूबाईंनी मागून घेतलं. वरचं नको म्हणाल्या. "वर राहून काय करू? खाली निदान पाय मातीला लागतात." घरासमोर कुंपणाच्या आत मातीचा एक पट्टा उरला होता. त्यात त्यांनी मेथी लावली, कोथिंबीर लावली, झेंडू लावला. म्हणजे मळा होता तिथेच राहिला, फक्त त्याच्यावर इमारत आली.

सासूबाई पहाटे उठायच्या. घड्याळ नाही, गजर नाही. उठायचं, नळ सोडायचा, बादल्या भरायच्या, मेथीला पाणी घालायचं, मग अंघोळ, आणि मग चहा. हा क्रम मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. अंघोळीआधी त्यांनी चहाचा घोट घेतलेला मला माहीत नाही. देवाधर्माचं काहीतरी असेल असं मी धरून चालले होते. थंडीत तर त्या जास्तच लवकर उठायच्या. कडाक्याची थंडी पडली की भाजी जळते, पानं काळी पडतात. पहाटे पाणी दिलं की ती तगते. मळेवाल्यांच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

अंघोळीचं गरम पाणी आम्हाला गच्चीवरच्या सोलरचं. टाकी सगळ्या इमारतीला मिळून एकच. पाइप टाकताना बिल्डरच्या मनात काय होतं कोण जाणे, पण त्याने तो गच्चीवरून थेट खाली पार्किंगपर्यंत आणला, आमच्या बाथरूमवरून वळवला आणि मग पुन्हा वर नेला. पाण्याला आधी तळमजल्याचं दर्शन, मग बाकीची घरं. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. पाइप भिंतीत असतो, आणि भिंतीत काय चाललंय याचा विचार करायची वेळ कोणावर येत नाही.

सेक्रेटरी झाल्यावर ह्यांनी पार्किंगमध्ये सभा घेतली. विषय एकच, हिवाळ्यातली बचत. सोलर असताना गिझर लावायचा नाही. नळ नुसता सोडून ठेवायचा नाही, पाणी वाया घालवणाऱ्याचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर येईल. लोक शाली गुंडाळून माना डोलवत होते, कधी एकदा घरात जाऊ असं सगळ्यांना झालं होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले उठले. हे गृहस्थ बँकेत नोकरीला आणि स्वभावानेही बँकच. सगळ्यांची माहिती ठेवायची, स्वतःची द्यायची नाही.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "बचत आम्ही करू हो. पण सोलरचं पाणी पहाटे मेथीला जातं, त्याचं काय? मी गॅलरीतून रोज बघतो. आजी बादल्याच्या बादल्या ओततात."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. ह्यांचे कान लाल झाले, आणि ते थंडीने नव्हते. दुसऱ्यांना शिकवायला निघालेल्या माणसाच्या घरातच उधळपट्टी निघावी, यापरतं दुसरं दुखणं नाही. हे तिथल्या तिथे म्हणाले, "उद्यापासून बंद."

आणि घरी येऊन त्यांनी नियम ऐकवला. सूर्य उगवायच्या आत सोलरच्या नळाला कोणी हात लावायचा नाही. आधी नोकरीवाले आणि शाळेची मुलं. घरी असणाऱ्या माणसांनी दहानंतर अंघोळ करायची, तोवर पाणी पुन्हा तापतं. झाडांना दुपारी, साध्या नळाचं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दुपारी? थंडीत दुपारी पाणी देऊन काय उपेग?"

"आई, लोक बोलतात गं," हे म्हणाले.

"मग बोलूंदे."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाला हात लावला नाही. पहाटे उठल्या, आणि उठून कॉटवर बसल्या. मी चहा केला तर मानेनेच नाही म्हणाल्या. अंघोळ दहाला, म्हणजे चहाही दहाला. ह्यांनी आरामात चहा प्यायला, पेपर वाचला, दोन दिवे बंद केले. सासूबाई शाल गुंडाळून खिडकीतून मेथीकडे बघत बसलेल्या. मला इतका राग येत होता की मी पोळ्या लाटताना पोळपाटाचा पाय खिळखिळा केला. मी म्हटलं, "आई, मी गॅसवर पाणी तापवते, करून घ्या अंघोळ." तर म्हणाल्या, "नको बाई. गॅस पण त्याचाच."

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "लेकीकडं जाऊन येते जरा." माझी नणंद पिंपळगाव बसवंतला असते, द्राक्षाची बाग आहे त्यांची. सासूबाई तिकडे जायच्या अधूनमधून, त्यात नवल काही नव्हतं. पण रिक्षात बसताना त्यांच्या मांडीवर पिशवीबरोबर त्यांचं तांब्याचं घंगाळ होतं. अंघोळीचं, त्यांच्या लग्नातलं. पाहुणी म्हणून जाणारी बाई कोणी स्वतःचं घंगाळ घेऊन जात नाही.

"अहो, घंगाळ नेलंय त्यांनी," मी ह्यांना म्हटलं.

"तांब्याचं पाणी चांगलं असतं," हे म्हणाले. पुरुषांना देव डोळे देतो, पण चष्म्यासाठी.

त्याच दिवसांत इमारतीचं पाणी गार यायला लागलं होतं, आणि त्या गेल्यावर तर त्याची बोंबच उठली.

म्हणजे टाकीत पाणी उकळत होतं. हे स्वतः गच्चीवर जाऊन हात भाजून घेऊन आले. पण घरात नळ सोडला की बर्फ. जरा वेळ सोडून ठेवावा तर नळ सोडून ठेवायचा नाही, असा नियम, आणि ग्रुपवर नाव येण्याची धास्ती. त्यामुळे प्रत्येक जण नळ उघडायचा, बोटावर पाणी घ्यायचा, हाय करायचा आणि बंद करायचा. मग दुसरं कोणी तरी सोडेल, पाइपातलं गार पाणी त्याच्याकडे जाईल आणि आपल्याला गरम येईल, म्हणून वाट बघत बसायचा. सकाळी सगळ्या घरांतली कर्ती माणसं टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या भिंतीला कान लावून उभी. कुठे पाइपात खरखर झाली की सगळ्यांचे नळ एकदम सुटायचे, आणि सगळ्यांना मिळून थोडं थोडं गार पाणी मिळायचं. दुसऱ्याने आधी अंघोळ करावी अशी इतकी मनापासून इच्छा मी एरवी कुठे पाहिली नाही.

शेवटी लोकांनी गुपचूप गिझर लावले. ह्यांनी इमारतीच्या मागच्या बाजूने मीटर बघत फेऱ्या मारल्या. बिलं आली, ती नेहमीपेक्षा फुगलेली, आणि आमचं त्यातही पुढे. कारण आमच्या घरात गिझर मी लावत होते. नियम केलाय तुम्ही, गारठायचं मी काय म्हणून?

मग ह्यांनी संशोधन हाती घेतलं. प्लंबर आला, टाकीत क्षार साठलेत म्हणाला, पैसे घेऊन गेला. सोलरच्या काचा धुतल्या. पाणी तसंच. मग ह्यांनी ठरवलं की पाइपाला थंडी वाजते. गच्चीवरच्या पाइपाला गोणपाट गुंडाळलं, ते पुरलं नाही तेव्हा जुने स्वेटर, ते संपले तेव्हा घरातून एक शाल नेली. ती ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने खांद्यावर घातलेली सत्काराची शाल. तीही ह्यांनी सुतळीने पाइपाला बांधली. माणसाचा सत्कार झाला, आता पाइपाचा झाला.

इकडे घर मला खायला उठलं होतं. खरं सांगते, सासूबाईंचं आणि माझं कधी गुळपीठ नव्हतं. मी मीठ घातलं की त्यांना जास्त वाटायचं, त्यांनी घातलं की मला. पण सकाळी चहाला भांडायला समोर माणूस लागतं. ह्यांच्याशी भांडण्यात मजा नाही, हे लगेच दिवा बंद करून निघून जातात. मला त्यांची आठवण येत होती. पहाटे बादलीची कडी वाजायची, तो आवाज नाही म्हणून मला जाग यायची, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

अशीच एका पहाटे जाग आली. खिडकीतून पाहिलं तर मेथीची कडेची पानं काळवंडलेली. सासूबाई परत येणार, आज ना उद्या येणार, आणि आल्या आल्या म्हणणार, "माझी मेथी तुझ्या राज्यात मेली." ते बोलणं मला उरलेला जन्म पुरलं असतं. मी उठले, स्वेटरवर स्वेटर चढवला आणि बाथरूममध्ये गेले. साधा नळ समोर होता. पण मी मुद्दाम सोलरचा सोडला. का, तर नियम होता म्हणून. सेक्रेटरी आत घोरत होते.

पहिली बादली गार. ती मेथीला. दुसरी गार, ती कोथिंबिरीला. झेंडूपर्यंत पोचताना बोटं माझी राहिली नव्हती. परत येऊन बादली लावली, हात धारेखाली गेला आणि मी केवढ्याने तरी ओरडले. पाणी कढत होतं.

मी मग तशीच अंघोळ करून घेतली. कित्येक दिवसांनी सोलरच्या पाण्याची सुखाची अंघोळ. आणि थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून शाळेतल्या मुलीचा आवाज आला, "मम्मी, गरम आलं!" मग दुसरीकडे दार आपटलं, तिसरीकडे कोणी तरी गुणगुणायला लागलं. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडायला लागली. ह्यांनी फोन बघितला, उशी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बघ. शालीने काम केलं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं असं कोणाला वाटेल. मला नाही वाटलं. मी रोज पहाटे उठून गार पाणी झाडांना घालत राहिले, इमारत गरम पाण्याने न्हात राहिली आणि हे शालीची कीर्ती सांगत राहिले. शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी येऊन शाल बघून गेला. मला आतल्या आत मजा येत होती. पण एका संध्याकाळी हे म्हणाले, "आई इथे असती तर तिलाही पटलं असतं, की शिस्त लावली की सगळं होतं."

बस. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि बँकवाल्यांच्या घरी प्रात्यक्षिक ठरलं होतं. कमिटीची मंडळी जमणार, हे शालीचं शास्त्र समजावणार आणि बँकवाले सगळ्यांच्या साक्षीने सोलरच्या पाण्याने अंघोळ करणार. त्या पहाटे मी उठलेच नाही. गोधडी डोक्यावरून घेतली. वरणाचा वास असलेलीच.

सकाळी मंडळी वर गेली. मी जिन्यात उभी राहिले. ह्यांचं भाषण झालं. बँकवाले साबण घेऊन आत गेले, आतून कडी लागली, आणि मग जो आवाज आला तो तिसऱ्या मजल्यावरून निघून डक्टमधून थेट पार्किंगमध्ये पोचला. वॉचमन धावत वर आला. बँकवाल्यांनी पूर्ण तांब्या एकदम डोक्यावर घेतला होता. शालीवर एवढा विश्वास.

हे खाली आले ते खालच्या मानेने. मी चहा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पाइप आधी आपल्याकडे येतो. सबंध इमारतीचं रात्रभर गारठलेलं पाणी आपल्या नळाने बाहेर पडलं तरच वर गरम जातं. आई ते रोज काढत होत्या.

"पण ती ते पाणी झाडांना घालायची," हे म्हणाले.

"झाडांना गार घालायच्या. गरम तुमच्या सोसायटीला जायचं."

"तिला माहीत होतं?"

"त्यांना कुठून माहीत असणार? त्यांना मेथी माहीत होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे हे स्वतः उठले, माकडटोपी घातली, नळ सोडला आणि पाणी गार असल्यापासून गरम होईपर्यंत हात धारेखाली धरून उभे राहिले. काखेत कळसा आणि गच्चीला वळसा झाला होता. बाहेर येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आता मीच सोडत जाईन. मिटलं."

"काय मिटलं?"

"पाण्याचं."

"आणि आईंचं?"

हे टॉवेलने हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "ती रमली असेल तिकडे. बंब आहे, ऊन आहे. बोलावलं आणि नाही म्हणाली तर?"

तेव्हा मला कळलं की माणूस हट्टी नव्हता, घाबरला होता. पण घाबरलेल्या माणसाची दया करत बसले तर तो आणखी घाबरतो. मी म्हटलं, "संक्रांत आलीय. चला पिंपळगावला. नाही म्हणाल्या तर आपण दोघं ऐकू."

आम्ही बसने गेलो. नणंदेच्या अंगणात बंब धुमसत होता, शेजारी द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांचा हा मोठा ढीग. फुकटचं सरपण, ना बिल ना मीटर. ह्यांनी त्या ढिगाकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. सासूबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. अंगावर नवी शाल, हात मांडीवर रिकामे. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी प्रथमच बघत होते आणि ते मला बिलकूल आवडलं नाही.

नणंद म्हणाली, "आई आता इथंच राहणार. इथं तिला पहाटे कढत पाणी मिळतं. तुमच्याकडं म्हणे अंघोळीला पण नंबर लागतो."

हे खाली बसले आणि त्यांनी आईला पाइप समजावायला घेतला. गच्ची, टाकी, उतार, वळण, दाब. सासूबाई ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हंजे मी पहाटे पाणी काढायची थांबले म्हणून बिल्डिंगचं पाणी गार झालं?"

"हो."

"अन् त्या तिसऱ्या मजल्यावाल्याचं पण?"

"त्यांचं सगळ्यात जास्त," मी म्हटलं, आणि प्रात्यक्षिकाची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नणंद पाणी घेऊन धावली. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्या शांत झाल्या आणि म्हणाल्या, "आता तुला कळलं ना? मग तू सोड नळ. नळाला काय माहीत कोणी सोडला. मी कशाला पायजे?"

पाइपाचं सगळं सांगून झालं होतं. बंबातली काडी तडतडली. मी ह्यांना कोपर मारलं, नणंदेने ते पाहिलं, तरी मी आणखी एकदा मारलं.

"आई," हे म्हणाले, "चल ना घरी." आणि पुढे काही सुचेना म्हणून पुन्हा म्हणाले, "चल ना."

साठीला आलेला माणूस, पण आवाज शाळेच्या दारात हात न सोडणाऱ्या पोराचा. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मेथी हाय का मेली?"

"कडेची गेली. बाकीची आहे."

"कशी राहिली?"

"पहाटे पाणी घातलं."

"तू?" त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज आला. नणंद तोंड वाकडं करून म्हणाली, "घंगाळ शोधतेय."

बसमध्ये ते घंगाळ ह्यांच्या मांडीवर होतं. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं. एरवी हे ओझरपर्यंत हुज्जत घालत गेले असते. त्या दिवशी गुपचूप पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी भोगी. भोगीला डोक्यावरून अंघोळ, तीळ लावून, आणि तीही लवकर. मी पहाटे उठले तर बाथरूममध्ये दिवा, नळाचा आवाज आणि हे माकडटोपीत बादली भरत उभे. सासूबाई कॉटवर बसल्या होत्या, गोधडी खांद्यापर्यंत. त्या केव्हाच्या जाग्या असणार, पण उठल्या नव्हत्या. आपल्या घरात दुसरं कोणी तरी पहाटेची बादली भरतंय, तो आवाज त्या ऐकत होत्या. हे बादली घेऊन बाहेर गेले. खिडकीतून मेथीवर पाणी पडताना ऐकू आलं.

"हळू घाल, मुळं उघडी पडत्याल," सासूबाई आतूनच म्हणाल्या.

"बरं," बाहेरून आवाज आला.

मग त्या मला म्हणाल्या, "त्याला येळ लागंल. चहा टाक गं."

मी थांबले. "अंघोळीआधी?"

"मग काय झालं?"

"तुम्ही कधी घेत नाही. मला वाटलं, देवाचं काही असेल."

"देवाला काय करायचंय माझ्या चहाचं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं मळ्याला पाणी भरून झाल्याबिगर चुलीवर चहा चढत नव्हता. तीच सवय लागली. पाणी माझ्याशिवाय कोण भरणार? मग आधी चहा कधी घेणार?"

मी आलं किसलं, दूध जास्त घातलं, साखरही त्यांना लागते तेवढी घातली आणि त्यावरून वाद घातला नाही. कप दोन्ही हातांत धरून त्या बसल्या आणि फुंकर न घालता पहिला घोट घेतला. बाहेर अजून अंधारच होता. हे रिकामी बादली घेऊन खिडकीशी आले, नाक लाल, बोटं आखडलेली. चहाचा वास लागला असावा. गजांतून आत बघत म्हणाले, "आई, मला?"

"झेंडू राहिलाय," सासूबाई म्हणाल्या. "पाणी भरून झाल्याबिगर चहा नाय."

आणि असं म्हणता म्हणता त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी गजांतून ह्यांच्या हातात दिली.